‘पॅलेस आज बंद आहे’ असं कोणी सांगितलं तर थांबू नका : बँकॉकला आमचे साठ हजार गेले

हे लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. ह्यांचं म्हणणं, झालं ते झालं, चारचौघांत कशाला सांगायचं. पण आता नाशिकमधून इतके लोक थायलंडला जातायत, आमच्या इंदिरानगरच्या एका सोसायटीतूनच तीन कुटुंबं जाऊन आली आणि त्यातल्या एकालाही हा प्रकार माहीत नव्हता, म्हणून लिहितेय.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलाने तिकिटं आणि हॉटेल बुक करून दिलं, टूर कंपनी नाही, आम्ही दोघंच. माझं माहेर पंचवटीतलं. सीता गुंफेच्या गल्लीत लहानाची मोठी झाले, त्यामुळे बँकॉकमध्ये मला एकच गोष्ट बघायची होती. तिथल्या ग्रँड पॅलेसच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे आणि त्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. त्यांच्याकडे रामायणाला रामकियन म्हणतात, राजांनाही राम म्हणतात, १७८२ साली हा पॅलेस बांधायला घेतला तो पहिल्या रामाने. आपली पंचवटी त्यांनी कशी काढली असेल, सोन्याचं हरीण कसं असेल, हे मी जायच्या आधी महिनाभर ह्यांना सांगत होते.

सकाळी साडेनऊला आम्ही सनम चाय मेट्रो स्टेशनला उतरलो आणि चालत निघालो. पॅलेसची पांढरी भिंत लागली. ही भिंत चारही बाजूंची मिळून १९०० मीटर आहे, त्यामुळे तुम्ही ज्या बाजूने येता तिथे लगेच गेट दिसेलच असं नाही. सगळा खेळ इथेच आहे. पर्यटक भिंतीच्या कडेने गेट शोधत चालतो आणि थोडा गोंधळलेला असतो.

कोपऱ्यावर एक माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, हातात घडी घातलेला नकाशा. तो आपणहून जवळ आला, फ्रॉम इंडिया? नमस्ते. आणि मग अगदी काळजीने सांगितलं की टुडे बुद्धा डे, सकाळी फक्त थाई लोकांना पूजेसाठी आत सोडतात, टुरिस्ट आफ्टर वन ओक्लॉक. तोपर्यंत उन्हात कशाला थांबता, म्हणून नकाशावर पेनाने गोल करून दिले. ३२ मीटर उंच उभा बुद्ध (हा खरंच आहे आणि बघण्यासारखा आहे), मग एक छोटं देऊळ, आणि मग सरकारचं एक एक्स्पोर्ट सेंटर, तिथे आज सेलचा शेवटचा दिवस. टुकटुक समोरच उभी होती. पांढऱ्या नंबरप्लेटची म्हणजे सरकारी, तीन ठिकाणं फिरवून परत आणणार, फक्त ४० बाथ. म्हणजे आपले शंभर रुपये. दोन-तीन तासांत तीन ठिकाणं शंभर रुपयांत कोण फिरवेल हो, पेट्रोल तरी सुटेल का, पण त्या वेळी आम्हाला वाटलं की चला, सरकारी सोय आहे.

उभा बुद्ध बघितला, छान वाटलं. मग ते छोटं देऊळ. तिथे पायऱ्यांवर एक चांगला कपड्यातला माणूस एकटाच बसला होता, म्हणाला मी वकील आहे, आज सुट्टी, दर्शनाला आलो. दहा मिनिटं त्याने मुलांचं, नोकरीचं, सगळं विचारलं, आणि मग सहज बोलता बोलता म्हणाला की बहिणीच्या लग्नासाठी मी कालच त्या सेंटरमधून नीलम घेतले, तुमच्या देशात दुप्पट भाव येतो. पहिल्या माणसावर कदाचित आम्ही विश्वास ठेवला नसता. पण दोन वेगळी माणसं, एकमेकांना न ओळखणारी, तेच सांगतायत म्हटल्यावर मन बसतं. हे दोघं आणि टुकटुकवाला एकाच साखळीतले असतात हे मला नंतर कळलं. टुकटुकवाल्याला दुकानात गिऱ्हाईक नेलं की पेट्रोलचं कूपन मिळतं, ते त्यानेच आम्हाला हसत हसत सांगितलं, आणि तेव्हाही आमच्या लक्षात आलं नाही.

आता ह्यांची रास कुंभ, साडेसाती चालू, आणि सासूबाईंच्या गुरुजींनी सव्वापाच रतीचा नीलम सांगून ठेवलेला. दुकानात ते मी स्वतःच बोलून गेले. तिथल्या मुलीने लगेच मखमलीचा ट्रे काढला, दिवा जवळ ओढला, थंडगार ज्यूस दिला. खडा होता मात्र डोळे दिपवणारा, गडद निळा, आत एक डाग नाही. २४,००० बाथ. माझ्या भिशीचे पैसे त्या महिन्यात आले होते, तेवढ्या भरवशावर ह्यांच्या कार्डाने भरले, पिन टाकला. सर्टिफिकेट दिलं, पावती दिली, परत करायची गॅरंटी आहे म्हणाली. थायलंडचा खड्यांचा धंदा खराच मोठा आहे, चंथाबुरीचा बाजार जगात नावाजलेला आहे, म्हणूनच हे खोटं खपतं. पण सरकारचं खड्यांचं दुकान असा प्रकार तिथे नाहीच.

दुकानातून बाहेर आलो तर टुकटुक गायब. टॅक्सी शोधून, ट्रॅफिकमधून पॅलेसच्या खऱ्या गेटला पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. गेटवर पाटी होती, रोज उघडं, सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन. त्याच्याच शेजारी, बाहेरच्या अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, अशीही पाटी. मी तिथेच फुटपाथवर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं.

हे म्हणाले, चल, निदान वाट फो नावाचं देऊळ तरी बघू. ते जवळच आहे आणि संध्याकाळपर्यंत उघडं असतं. ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं, आणि मागच्या बाजूला ओळीने १०८ काशाची भांडी, त्यात लोक एकेक नाणं टाकत जातात, तो टिणटिण आवाज सगळ्या हॉलभर. मीही टाकली. आणि मुख्य देवळाच्या खालच्या बाजूला संगमरवरावर रामायण कोरलेलं दिसलं, दीडशेच्या आसपास पाट्या असतील. एका ठिकाणी वानरांची सेना होती, मी हात न लावता नुसतं बघत उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते पैशांसाठी नव्हतं.

नाशिकला आल्यावर सराफ बाजारात माहेरच्या ओळखीच्या काकांकडे खडा नेला. त्यांनी चिमट्यात धरून भिंगाखाली बराच वेळ फिरवला, मग भिंग माझ्या हातात दिलं, म्हणाले, बाळ, तूच बघ. आत बारीक गोल बुडबुडे, सोड्यात असतात तसे, आणि वाकड्या रेषा, जुन्या रेकॉर्डवर असतात तशा. जमिनीतल्या नीलमात रेषा सरळ असतात, कोनात वळतात. हा भट्टीत बनवलेला. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली असे माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, पुढे तशाच पद्धतीने नीलम बनायला लागले. किंमत काही शेकड्यांत. सर्टिफिकेट खोटं आहे म्हणावं तर तेही नाही, त्यावर सॅफायर लिहिलंय, नॅचरल हा शब्द कुठेच नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात, पैसे परत नाहीत, फक्त बदलून मिळेल.

बँकेत तक्रार केली, पिन टाकून तुम्हीच व्यवहार केलाय म्हणून फाइल बंद. तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे, तिथे असतानाच फोन करायला हवा होता, त्याच दिवशी त्यांना घेऊन दुकानात गेलं तर काही हाती लागण्याची शक्यता असते.

राजघराण्याचा कार्यक्रम असेल तर पॅलेस कधी कधी खरंच बंद ठेवतात, पण ते त्यांच्या वेबसाइटवर आणि गेटवर कळतं, रस्त्यावरचा माणूस येऊन सांगत नाही. आणि आपल्या जन्मपत्रिकेतलं काही परक्या दुकानात बोलू नका, खडा घ्यायचाच असेल तर गावातल्या माणसाकडून घ्या, ज्याच्या दारात उद्या परत जाता येईल.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींचा सकाळी बँकॉकहून फोन आला. ताई, एक आयकार्डवाला माणूस आलाय, आज बंद आहे म्हणतोय, काय करू? मी म्हटलं, त्याच्याशी बोलू पण नका, भिंत धरून चालत राहा, गेट येईपर्यंत. तासाभराने त्यांनी फोटो पाठवला. सोनेरी मुकुटातला राम, हिरव्या तोंडाचा रावण, आणि खाली मेसेज, ताई, यातली पंचवटी कुठली ते सांगा. अजून फोटो मागवलेत, शोधतेय.