व्हिएतनाममध्ये ट्रेन की विमान? हनोई, हुए, दानांग ठरवणाऱ्यांसाठी

ओळखीतल्या तीन घरांचं व्हिएतनामचं प्लॅनिंग चाललंय आणि तिघांचा प्रश्न एकच, हनोईहून खाली मध्य किनाऱ्यावरच्या दानांगला विमानाने जायचं की रात्रीच्या ट्रेनने. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि आई, आईचं वय ६८ आणि गुडघे दुखरे, त्यामुळे बर्थ, जिने, चढउतार याचा विचार आम्हाला पावलोपावली करावा लागला, तेही यात येईलच.

आधी रेल्वे काय आहे ते. हनोई ते सायगॉन (म्हणजे हो चि मिन्ह सिटी, पण तिथली माणसं सर्रास सायगॉनच म्हणतात) १७२६ किमीची लाईन, फ्रेंचांनी बांधायला घेतली आणि १९३६ मध्ये पूर्ण झाली. मग १९५४ ला देशाचे दोन भाग झाले, लाईनही मधोमध तुटली, आणि युद्ध संपल्यावर १९७६ च्या शेवटी परत जोडली गेली. रूळ मीटरगेज, बऱ्याच ठिकाणी एकच मार्ग, डिझेल इंजिन. आपल्या अकोला-खंडवा मीटरगेजने ज्यांनी प्रवास केलाय त्यांना तो झोका लगेच ओळखीचा वाटेल. सिंगल लाईन म्हटल्यावर क्रॉसिंगला थांबणं आलंच, त्यामुळे पूर्ण अंतराला ३० तासांच्या वर लागतात. ३५० च्या स्पीडची हायस्पीड लाईन त्यांच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलीये, पण तुमच्या या ट्रिपला तिचा काही उपयोग नाही.

म्हणून पहिलं सांगणं, हनोई ते सायगॉन सलग ट्रेनने करू नका. आठ-दहा दिवसांची सुट्टी असेल तर दोन रात्री-दीड दिवस डब्यात घालवणं परवडत नाही, आणि खालच्या अर्ध्या भागात तेवढं बघण्यासारखं मला तरी दिसलं नाही. दानांग ते सायगॉन सरळ विमान घ्या. ट्रेनचा खरा विचार करायचा तो हनोई-हुए-दानांग एवढ्यासाठी (हुए म्हणजे तिथल्या राजांची जुनी राजधानी, दानांगच्या थोडं अलीकडे).

हनोई-दानांग विमान साधारण एक तास वीस मिनिटं. पण नॉय बाय एअरपोर्ट शहरापासून लांब आहे, हॉटेलपासून पाऊण-एक तास धरा, दोन तास आधी पोचायचं, म्हणजे दारापासून दारापर्यंत पाच तास गेले. जमेची बाजू ही की दानांगचा एअरपोर्ट अगदी शहरातच आहे, उतरलात की दहा-पंधरा मिनिटांत हॉटेल. ट्रेनने हनोई-हुए ६८८ किमी, १२ ते १४ तास. संध्याकाळी बसलात की सकाळी हुए, एका रात्रीचं हॉटेलही वाचतं आणि दिवस हातात राहतो. दानांगपर्यंत गेलात तर ७९१ किमी, अजून तीन-साडेतीन तास.

आता डबे, कारण सगळ्यांची चूक इथेच होते. चार बर्थची केबिन असते, दार बंद होतं, आतून कडी, दोन खाली दोन वर, आपल्या फर्स्ट एसीच्या केबिनसारखी पण जरा आखूड आणि अरुंद. दुसरी सहा बर्थची, तीन मजली. तिकीट स्वस्त असतं, पण सगळ्यात वरच्या बर्थवर ताठ बसताच येत नाही, छत डोक्याला लागतं, आणि वर चढायला भिंतीत एक छोटी पायरी, तिच्यावर पाय ठेवून अंग वर ओढायचं. आईला मी ते नुसतं दाखवलं, ती म्हणाली "मी रात्रभर बसून जाते पण यावर नाही चढणार". खालच्या बर्थचं तिकीट वरच्यापेक्षा महाग, तरी ज्येष्ठ बरोबर असतील तर तो फरक मुकाट्याने भरा. आम्ही चारची केबिन घेतली, चौथा बर्थ एका कॉलेजच्या मुलीचा होता, तिने आल्या आल्या आईची बॅग खाली सरकवून दिली आणि खिडकीच्या टेबलावर तिची उकडलेली कणसं आमच्यापुढे ठेवली. भाषा कोणालाच येत नव्हती, सकाळपर्यंत काही अडलं नाही.

स्लीपर बसचं पण विचारतात. स्वस्त आहे, सगळीकडे जाते, चढताना बूट पिशवीत काढून ठेवायचे. पण पाय एका खोक्यात घालून अर्धवट आडवं पडायचं असतं, उंच माणसाचे हाल. तरुण असाल तर एक रात्र निघते, आईवडिलांना त्यात घालू नका. उत्तरेकडच्या डोंगरातल्या सापाला जायचं असेल तर मात्र मी दिवसाची बसच सांगेन, कारण ट्रेन पायथ्याच्या लाओ काईलाच थांबते आणि पुढे घाट परत गाडीनेच चढायचा असतो.

खाण्याचं, शाकाहारींनी नीट वाचा. ट्रेनमध्ये ट्रॉली फिरते, भात आणि मांसाचं ताट, पेज, कणीस, कॉफी. "आन चाय" म्हणजे शाकाहारी, हा शब्द पाठ करा, पण ट्रॉलीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचं सॉस असू शकतं. डब्यात गरम पाणी मिळतं, त्यामुळे घरून रेडी उपमा-पोह्याची पाकिटं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेलीत की प्रश्न मिटला. विमानात हा प्रश्नच येत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग, हुए ते दानांग. १०३ किमी फक्त, पण मधे हाय व्हान घाट. नावाचा अर्थच समुद्र आणि ढग. हा भाग गाडीने करायचा की ट्रेनने? भाड्याच्या कारने गेलात तर वर ४९६ मीटरवर खिंडीत थांबता येतं, जुना दरवाजा बघता येतो, मधे कॉफी. पण ड्रायव्हरला आधीच सांगा, घाटातून ने म्हणून, कारण २००५ पासून खालून सहा किमीहून लांब बोगदा आहे, त्यात घातली गाडी तर घाट दिसलाच नाही असं समजा. ट्रेन मात्र वर चढतच नाही, डोंगराच्या कडेकडेने समुद्रालगत जाते, एका बाजूला ओल्या दगडाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली लाटा. वळणावर आपलंच इंजिन खिडकीतून दिसतं, मग बोगद्याचा अंधार, मग परत एकदम निळं. आई ज्या खिडकीला नाक लावून बसली होती तिच्यावर तिच्या श्वासाचा गोल उमटला होता, ती तो पदराने पुसायची आणि परत बघायची. मला विचाराल तर इथे ट्रेनच, दुसरा पर्याय माझ्या मनात येतच नाही.

आणि इथे बर्थ नको, सीट घ्या. केबिनची खिडकी एका बाजूला, दार आणि बोळ दुसऱ्या बाजूला, समुद्र नेमका कुठे येईल ते नशीब. मार्च २०२४ पासून फक्त या टप्प्यासाठी वेगळी हेरिटेज ट्रेन सुरू झालीये, एसी सीट, एका डब्यात लोकगीतं आणि खाणं, लांग को स्टेशनला थोडा वेळ थांबते तेव्हा उतरून खाडीचा फोटो काढता येतो. सुरू झाली तेव्हा तिकीट दीड लाख डाँग होतं, आकडा बघून घाबरू नका, पाचशे रुपयांच्या आसपास होतात.

तर माझं उत्तर असं. सगळे धडधाकट असतील किंवा खालचे बर्थ मिळत असतील तर हनोईहून रात्रीच्या ट्रेनने हुए, तिथे एक-दोन दिवस राजवाडा आणि समाध्या, मग दिवसाच्या ट्रेनने दानांग. लहान बाळ असेल किंवा एकूण सहा-सात दिवसच असतील तर विमानाने दानांगला उतरा, आणि एक दिवस काढून ट्रेनने हुएला जाऊन या. कोणताही पर्याय घेतलात तरी घाट उजेडात यायला हवा, रात्रीच्या ट्रेनने ओलांडलात तर पैसे वाया.

बाजूचं लक्षात ठेवा, हुएहून दानांगला जाताना समुद्र डावीकडे, उलट येताना उजवीकडे. सीट नंबरवरून बाजू कळत नाही, म्हणून मी स्टेशनच्या खिडकीवर जाऊन नुसतं "बिएन" म्हणालो, म्हणजे समुद्र. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला आणि तीन चौकोनांवर पेन टेकवलं.