बँकेची नोटीस दारावर: डीआरटी, तडजोड की नादारी?

गेल्या पावसात मालवण तालुक्यातल्या माझ्या मावसभावाच्या होमस्टेच्या दाराला बँकेने कागद चिकटवला. पाऊस तिरका, कागदाची खालची कड लगदा होऊन लोंबत होती. बँकेच्या माणसाने छत्री काखेत धरून मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि निघून गेला. संध्याकाळी भावाचा फोन आला, "दादा, ह्या कागदाचा काय करूचा?"

माझी सगळी नोकरी बँकेच्या वसुली खात्यात झाली. मी आधी विचारलं, कागदावर कलम कुठलं आणि तारीख कुठली? कर्ज थकलेल्या माणसापुढे चार-पाच वाटा असतात, पण त्यातल्या कुठल्या अजून उघड्या आहेत ते या दोन गोष्टींवर ठरतं.

त्याही आधी बघायचं ते कर्ज बँकेचं आहे की पतसंस्थेचं. बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने वसुली करते आणि त्यासाठी तिला आधी कोर्टात जावं लागत नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. कोल्हापूरकडच्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०२० मध्ये तो वाद मिटवला. पतसंस्थेचा रस्ता वेगळा. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. त्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागता येते, पण आधी निम्मी रक्कम भरा, मग बोला. म्हणून पतसंस्थेच्या कर्जदाराने व्याजाचा हिशेब खोडायचा तो दाखला निघण्यापूर्वीच्या सुनावणीत. आपल्याकडे नेमकं उलट होतं: समन्स देव्हाऱ्यामागे सरकवतात आणि जप्तीचं पत्र आलं की वकील शोधतात.

बँकेची पहिली नोटीस कलम १३(२) ची, ६० दिवसांची. तिला हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. खर्च रजिस्टर पोस्टाचा. या टप्प्यावर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येत नाही, त्यामुळे बहुतेक जण 'नुसती नोटीसच आहे' म्हणून गप्प बसतात. भावानेही तेच केलं होतं. वास्तविक जमा न धरलेला हप्ता, विम्याची न वळवलेली रक्कम, चुकीचा व्याजदर हे सगळं इथे लिहून ठेवलं की पुढे न्यायाधिकरणात हाताशी पुरावा असतो.

दारावरचा कागद होता कलम १३(४) चा, ताब्याचा. कुलूप लागलेलं नव्हतं, ताबा फक्त कागदोपत्री होता. पण डीआरटीत कलम १७ खाली अर्ज करायचे ४५ दिवस तेव्हापासूनच मोजतात. प्रत्यक्ष कुलूप लागेपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. तोवर मुदत संपलेली असते.

डीआरटी आणि तडजोड यांची तुलना खर्चापासून करू. पूर्वी डीआरटीच्या दारात ७५ टक्के रक्कम ठेवावी लागे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली. आता फक्त शुल्क: १० लाखांपर्यंत दर लाखाला ५००, त्यापुढे ५,००० अधिक वरच्या दर लाखाला २५०, आणि कमाल मर्यादा १ लाख. भावाचं येणं ३४ लाख, शुल्क ११,०००. खरा खर्च वकिलाचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डीआरटी नाही, वकील बहुधा मुंबईचा किंवा पुण्याचा, आणि तारखेला कोकणकन्येचं तिकीट मिळालं तर मिळालं.

डीआरटी बघते ती बँकेने नियम पाळले का. नोटीस नीट बजावली का, ताब्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत आली का (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं), विक्रीआधी ३० दिवसांची नोटीस दिली का, मूल्यांकन कसं केलं. चूक सापडली तर ताबा परत मिळू शकतो, कर्ज मात्र जात नाही. बँक नवी नोटीस काढते. तेव्हा डीआरटीतून वेळ मिळतो आणि बोलणीत थोडं वजन येतं, एवढंच धरून चालावं. हरलात तर वरच्या अपिलात निम्मं येणं भरावं लागतं. अपील न्यायाधिकरण ते २५ टक्क्यांपर्यंत खाली आणू शकतं.

कोकणात एक मुद्दा हटकून निघतो. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, कलम ३१ मध्ये तसं लिहिलंय, आणि गावातला प्रत्येक सल्लागार ते तोंडपाठ सांगतो. पण गोव्यातल्या ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या प्रकरणात, जिथे लिलावात हॉटेल आयटीसीने घेतलं होतं, नेमका हाच बचाव २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. नोंद शेतीची असून भागत नाही, जमीन खरोखर शेतीसाठी वापरात हवी. हापूसची बाग असेल तर पीकपाहणीची नोंद, आंब्याच्या कलमांचे फोटो, खत-फवारणीच्या पावत्या, पेटीच्या पट्ट्या असं सगळं काढा, मुद्द्यात दम आहे. त्याच सातबाऱ्यावर चार खोल्या बांधून पर्यटक ठेवले असतील, तर दोन माड दाखवून कोणी फसत नाही. सामाईक सातबाऱ्यावरच्या मुंबईकर भावाचा हिस्सा त्याच्या सहीशिवाय गहाण पडला असेल, तर तोही बाधित व्यक्ती म्हणून कलम १७ चा अर्ज करू शकतो.

आता तडजोड, म्हणजे ओटीएस (वन टाइम सेटलमेंट), येण्यापेक्षा कमी रकमेवर बँकेशी मिटवणं. तो तुमचा हक्क नाही, हे २०२१ च्या बिजनोर सहकारी बँकेच्या निकालाने स्पष्ट केलं. बँक नाही म्हणाली की विषय संपतो. तरी माझा कल तडजोडीकडेच. आत बसून पाहिलंय: मार्चअखेर जवळ आला, कर्जदाराकडे पैशाची खरी सोय दिसली आणि डीआरटीत बँकेची एखादी चूक उघडी पडलेली असली, की आकडा खाली येतो. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की तो हलत नाही. पूर्ण येणं भरून मालमत्ता सोडवायचा हक्कही तिथेच संपतो. तोटेही आहेत. क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शिक्का राहतो. शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तीच बँक किमान १२ महिने दारात उभी करत नाही. आणि एक हप्ता चुकला की सवलत बहुधा गेलीच समजा. भावाबहिणींनी तोंडी कबूल केलेल्या पैशावर ओटीएसची सही करू नका.

नादारीचं, म्हणजे दिवाळखोरीचं, नाव लोक भीतीने तरी घेतात, नाहीतर आशेने. तुमची कंपनी असेल तर मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणात, अर्ज दाखल होऊन स्थगिती लागली की सरफेसीची कारवाई थांबते. पण कारभार दुसऱ्याच्या हाती जातो आणि जामीनदार वडिलांच्या घराला ती स्थगिती लागू होत नाही. एकट्या मालकाच्या धंद्याला २०१६ च्या नव्या नादारी संहितेचा तो भाग अजून सुरूच झालेला नाही; त्याच्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय, म्हणजे सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस. त्यातही गहाण घेतलेल्या बँकेचा हक्क अबाधित राहतो. हातउसनं, दुकानदारांची उधारी, क्रेडिट कार्ड यांच्या ओझ्याखाली दबलेल्याला त्याचा उपयोग. गहाण घर वाचवायला नाही.

उच्च न्यायालय १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्यासाठी कोल्हापूरला आलं, प्रवास वाचला. पण डीआरटीची वाट असताना रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयातला अर्ज, सहसा ऐकू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सत्यवती टंडन प्रकरणात बजावलंय. दिवाणी कोर्टाची वाट कलम ३४ ने बंद केली आहे. लोकअदालत फुकट, पण तिथेही बँकेची तयारी लागते.

भावाच्या सातबाऱ्यावर शेती होती, जागेवर चार खोल्या. तो मुद्दा आम्ही सोडला. दोन वर्तमानपत्रांपैकी मराठीतली जाहिरात काही सापडली नाही, तो मात्र धरला. एकेचाळिसाव्या दिवशी अर्ज ऑनलाइन गेला, त्याच आठवड्यात ओटीएसचा अर्ज शाखेत. सोबत बहिणीच्या मुदतठेवीची पावती जोडली, कारण साहेब पहिल्यांदा तीच बघणार हे मला ठाऊक होतं.