न्हाणीघराच्या खिडकीला फ्रॉस्टेड काच की दुधी अ‍ॅक्रिलिक?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून उभ्या राहिलेल्या उंच इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की न्हाणीघराच्या खिडकीतून उजेड यावा पण नजर येऊ नये, ही काळजी तिथे घर घेणाऱ्या बहुतेकांना असते. आमच्याकडे दोन न्हाणीघरे असल्याने एकात फ्रॉस्टेड काच आणि दुसऱ्यात दुधी अ‍ॅक्रिलिक, असे दोन्ही वापरून झाले आहे.

दिसायला दोन्ही सारखीच वाटली, तरी प्रकाश विखुरण्याची जागा वेगळी आहे. फ्रॉस्टेड काच आतून पूर्ण पारदर्शक असते; वाळूच्या माऱ्याने किंवा आम्लाने तिची केवळ एक बाजू खडबडीत केलेली असते आणि त्या बारीक खळग्यांवर किरण निरनिराळ्या कोनांत वळतात. दुधी अ‍ॅक्रिलिकमध्ये मात्र टायटॅनियम डायऑक्साइडसारखे पांढरे सूक्ष्म कण सबंध जाडीत मिसळलेले असतात, त्यामुळे किरण कणाकणावर आपटत, दिशा बदलत बाहेर पडतो.

माझा कौल ठरला तो पाण्यामुळे. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवला जातो याचे माप, सुमारे १.५ आणि हवेचा १. या फरकावरच खळग्यांचे सारे काम चालते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने खळगे पाण्याने भरले की हा फरक जेमतेम ०.१७ उरतो आणि काच तेवढ्यापुरती निवळते. खडबडीत बाजू आत ठेवावी तर आंघोळीचे शिंतोडे, बाहेर ठेवावी तर जुलैचा तिरपा पाऊस. ओघळ उतरला, की त्या पट्ट्यातून समोरच्या गॅलरीतले कपडे रंगासकट ओळखू येत; मग रात्री दिवा लावल्यावर समोरच्यांना काय दिसत असेल, हा विचार सुटत नसे. खोबरेल तेलाचे बोट तर त्याहून वाईट, कारण त्याचा अपवर्तनांक काचेच्या आणखी जवळ, सुमारे १.४५ आहे आणि ते आपोआप वाळतही नाही.

अ‍ॅक्रिलिकवर लवकर चरे पडतात आणि पावसाळी दुपारी उजेड जरा कमीच वाटतो, हे मान्य करावे लागेल. परंतु ते ओले झाले तरी विखुरणारे कण आतच असल्याने आडोसा ढळत नाही. बैठकीच्या खोलीतील कोरड्या पार्टिशनला कदाचित मीही काचच निवडेन. न्हाणीघरासाठीही काचच घ्यायची असेल, तर दुकानात नमुन्याच्या खडबडीत बाजूवर ओले बोट फिरवून हातभर अंतरावरची पाटी वाचता येते का, एवढे पाहून घ्यावे.