दोन सिलेंडरच्या राजदूतवर इन्फ्रारेड थर्मामीटर : काही महिन्यांनंतरचा अनुभव

हा बंदुकीसारखा, न टेकवता तापमान सांगणारा थर्मामीटर हिवाळ्यात घेतला. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा उन्हाळाही त्यानं पाहिला, म्हणून लिहितो.

गाडी म्हणजे राजदूत ३५० मोटरसायकल. एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ मध्ये आणलेली, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. दोन सिलेंडर, दोन कार्बोरेटर, दोन सायलेन्सर. एका बाजूचं पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडलं तरी दुसरी बाजू गाडी ओढत राहते, आणि दुखणं लपतं. आमच्याकडचे मिस्त्री हुशार आहेत, पण त्यांचा हात सिंगल सिलेंडरवर बसलेला. मिसिंग (इंजिन मध्येच अडखळणं) म्हटलं की, "जेटमंदी कचरा असन भाऊ," आणि जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) साफ करायला दोन्ही कार्बोरेटर खोलले जातात. नेमकी बाजू कळली तर निम्मं काम वाचतं. ती हा थर्मामीटर दाखवतो.

मात्र सिलेंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या चकचकीत बेंड पाईपवर थेट रोखलात तर आकडा खूपच कमी येतो, कारण क्रोम उष्णता नीट बाहेर टाकत नाही. दोन्ही पाईपवर, सिलेंडरपासून सारख्याच अंतरावर, उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या आणि तिथेच मोजा. थंड इंजिनला किक मारली की पहिल्या मिनिटात जो पाईप तापण्यात मागे राहतो, ती बाजू नीट जळत नाही. एका पाईपच्या आकड्याला मी महत्त्व देत नाही. उन्हाळ्यात हवा विरळ होऊन मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, पण ते दोन्हीकडे. पाहायचा तो दोन्हींतला फरक.

माझ्या गाडीत डावी बाजू आयडलिंगला मागे राहायची, आणि लांब पळवून आणली की उजवीपेक्षा जास्त तापायची. डावा प्लग पांढुरका (पेट्रोल कमी पडल्याची खूण), उजवा विटकरी (ठीक). प्लगची अदलाबदल केली तरी दुखणं डावीकडेच. मग इंजिन गरम व्हायच्या आत कार्बोरेटर आणि सिलेंडरमधल्या रबरावर कार्बोरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारला; आयडलिंग लगेच बदललं. रबराला चीर होती, तिथून जादा हवा आत जात होती. असं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालवत राहिलं तर टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो, म्हणून हे पुढे ढकलू नका. रबर बदललं आणि दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड (ॲक्सिलरेटर पिळला की वर जाणाऱ्या झडपा) एकदम उचलतात का ते केबलवर जुळवलं. आता दोन्ही पाईप जवळजवळ बरोबरीनं तापतात.

कारण मात्र हे यंत्र सांगत नाही. थंड पाईपमागे प्लग, पॉइंट, कॉइल हे ठिणगीचे भाग किंवा रिच मिश्रण, काहीही असू शकतं. उभ्या गाडीवरचं मोजमाप पायलट जेट आणि एअर स्क्रूपुरतंच, म्हणजे आयडलिंगच्या मिश्रणापुरतंच. मेन जेटसाठी, म्हणजे वेगातल्या मिश्रणासाठी, गाडी जोरात पळवून, इंजिन तिथेच बंद करून प्लगचा रंग पाहावाच लागतो.

सिंगल सिलेंडरवाल्यांनी यावर खर्च करू नये, तुलनेला दुसरी बाजूच नाही. दोन सिलेंडरची जुनी गाडी असेल तर जरूर घ्या. टिनाच्या शेडमध्ये थर्मामीटर तापला असेल तर लगेच मोजू नका. सावलीत थोडा वेळ स्थिरावला की आकडे भरवशाचे येतात.