खैराचं बी म्हणून सुबाभूळ गळ्यात मारली

माण तालुक्यात आमच्या बचत गटाची छोटी रोपवाटिका आहे. गावच्या गायरानावर पूर्वी खैर होता, तो परत आणायचा म्हणून फेब्रुवारीत एका बी-विक्रेत्याकडून १ किलो बी घेतलं, १,६०० रुपयांना. तपकिरी, चपटं, चकचकीत बी. 'जंगलातलं निवडक आहे' म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला. चिठ्ठीवर त्यानं फक्त 'बी, १ किलो' लिहिलं होतं, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

३,००० पिशव्या भरल्या. गटातल्या बायांनी चार महिने उन्हात डोक्यावरून पाणी वाहिलं. रोपं मे महिन्यातच गुडघ्याला लागली. खैर एवढा घाईनं वाढत नाही, तिथंच शंका यायला हवी होती. पण आम्ही आनंदात होतो. मृगाच्या पावसात शेजारच्या गावाला ४०० रोपं दिलीसुद्धा.

मग एक म्हातारे मेंढपाळ पाणी प्यायला थांबले. रोपाच्या खोडावरून बोट फिरवत म्हणाले, "बाई, खैर म्हणताय, पण काटा कुठंय ह्याला? ही सुबाभूळ हाय की!"

खैराला पानाच्या बुडाशी जोडीनं, मागं वळलेले बारीक काटे असतात. आमच्या रोपांना एकही नव्हता. दोन्हींची पानं लांबून सारखीच दिसतात. पण सुबाभळीची पानं जरा मोठी नि मोकळी, खैराची अगदी बारीक नि दाट.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "उगवलंय ना? मग तक्रार कसली?" त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही.

पैशाचं दुःख आहेच, पण खरा घोर वेगळा आहे. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. वर्षाच्या आतही तिला शेंगा धरतात, बी खाली पडून माजतं, आणि नुसती तोडली तर बुडातून पुन्हा फुटते. ज्या माळावर गवत नि खैर वाढवायचा, तिथं आम्हीच ती नेऊन लावली.

रानझाडांचं बी घेणाऱ्यांनो, सुटं बी घेऊ नका, शेंगेसकट मागा. कुठल्या झाडाची, कुठल्या महिन्यात तोडली ते विचारा. चिठ्ठीवर झाडाचं नाव लिहून घ्या, शास्त्रीय नावासकट. आणि सगळं बी एकदम पेरू नका. मूठभर पेरा, रोप ओळखू येईपर्यंत थांबा, जाणत्या माणसाला दाखवा. आम्हाला त्या आजोबांना फेब्रुवारीतच बोलावता आलं असतं.

वाटिकेतली रोपं शेळ्यांना घातली. शेजारच्या माळावर आम्ही अकरा जणी कुदळी घेऊन गेलो, मुळासकट ३६२ उपटली. उरलेली ३८ जनावरांनी खाल्ली की गवतात दडलीत, कळत नाही. दर पंधरवड्याला जाऊन बघतो.