अँटी-रोल बार केबल टायने बांधून दिला, पैसे मात्र पूर्ण किटचे घेतले

गेल्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातील एका ॲक्सेसरीजच्या दुकानाने माझ्या थारच्या पुढच्या अँटी-रोल बारला क्विक डिस्कनेक्ट लिंक बसवून देतो असे सांगून माझ्याकडून 18,500 रुपये घेतले आणि एकही नवा भाग न बसवता गाडी माझ्या ताब्यात दिली. पैसे गेल्याचे दुःख आहेच. परंतु त्या अवस्थेतील गाडीतून मी पत्नीला आणि मुलीला घेऊन मुळशीच्या वळणांवरून गेलो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. आपल्यापैकी अनेक जण हौसेने हे काम करून घेतात, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अँटी-रोल बार, ज्याला गॅरेजमध्ये कोणी स्टॅबिलायझर तर कोणी स्वे बार म्हणतात, हा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंग स्टीलचा दांडा असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशांमधून चेसिसला धरलेला असतो आणि दोन्ही टोके लिंक रॉडने दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर दांडा बुशात नुसता फिरतो. एकच चाक वर गेले तर त्याला पीळ बसतो आणि तो पीळ गाडीला एका अंगावर कलू देत नाही. घाटातल्या वळणावर ज्याचा आधार, त्याचीच दगडधोंड्यांत अडचण होते, कारण तेथे एक चाक खड्ड्यात पूर्ण उतरून जमिनीला टेकले पाहिजे. म्हणून ट्रेलवर, म्हणजे अशा कच्च्या दगडधोंड्यांच्या वाटेवर, शिरण्यापूर्वी लिंक सोडवतात आणि डांबरी रस्ता लागण्यापूर्वी पुन्हा जोडतात. सोडवलेला दांडा आणि त्याला लटकणाऱ्या लिंक मोकळ्या ठेवून चालत नाही. शेजारीच ब्रेकचा होज, स्टिअरिंगचा टाय रॉड, ॲक्सलचा रबरी बूट आणि टायरची आतली बाजू असते, त्यामुळे टोके वर फिरवून चेसिसला पक्की अडकवावी लागतात. चांगल्या किटमध्ये त्यासाठी वेगळे ब्रॅकेट आणि पिना असतात, आणि मी एवढे पैसे मोजले ते मुख्यतः त्या ब्रॅकेटसाठीच.

दुकानाच्या मालकाने काउंटरवर एक पेटी उघडून दाखवली. पेटीचा एक कोपरा फाटलेला होता आणि त्यावर तपकिरी चिकटपट्टी लावलेली होती, हे मला नीट आठवते. आतल्या लिंक चकचकीत होत्या. ‘साहेब, पिन ओढायची की सुटले, दोन मिनिटांचे काम आहे, चाक फूटभर जास्त खाली जाईल,’ असे तो म्हणाला. फूटभर हा शब्द ऐकूनच मी थांबायला हवे होते. नव्या थारला पुढे डबल विशबोन प्रकारचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यात चाक किती खाली उतरेल हे शॉकॲब्सॉर्बरच्या लांबीवर अडते, त्यामुळे बार सोडवून मिळणारा फायदा अखंड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाके एकाच आडव्या ॲक्सलने जोडलेल्या, गाडीच्या मानाने थोडाच असतो. हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी एवढेच विचारले की जुन्या लिंक मला परत मिळतील ना. तो तत्काळ हो म्हणाला, आणि त्या होकारामुळेच माझा विश्वास बसला. पैसे मी तेथेच यूपीआयने दिले.

गाडी शुक्रवारी दुपारी चारला मिळणार होती, ती रात्री साडेआठला मिळाली. शनिवारी पहाटे आम्हाला निघायचे आहे हे त्याला ठाऊक होते आणि त्याने त्याचाच उपयोग करून घेतला. ‘तुम्ही उद्या ट्रेलला जाणार म्हणून बार आधीच सोडवून ब्रॅकेटवर लावून ठेवला आहे, सोमवारी या, परत कसा जोडायचा ते दाखवतो,’ असे त्याने सांगितले. मी खाली वाकून पाहू लागलो तेव्हा अंधारात काही दिसणार नाही, फोटो पाठवतो, असे म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जुन्या लिंक माझ्या हातात ठेवल्या. हातात जुने भाग आले, फोनवर नव्या भागांचा फोटो आला. मग शंका घ्यायला मला जागाच दिसली नाही.

सकाळी पौडच्या पुढे वळणे सुरू झाली तशी गाडी नेहमीपेक्षा जास्त कलू लागली. बार सुटलेला आहे म्हणून असे होणारच, अशी मी मनाची समजूत घातली. वास्तविक सोडवलेल्या बारने डांबरी रस्त्यावर वेगात जाणे हीच मोठी चूक होती. जीपच्या रँग्लर रुबिकॉन या गाडीमध्ये कंपनीनेच बार सोडवण्याचे बटण दिलेले असते. तेसुद्धा फक्त फोर व्हील ड्राइव्हमध्ये आणि ताशी सुमारे 29 किलोमीटरच्या आतच काम करते, आणि वेग वाढला की बार आपोआप पुन्हा जोडला जातो. ज्यांनी गाडी बनवली ते एवढी काळजी घेतात, आणि आमचा दुकानदार मला बार सोडून पुण्यातून मुळशीपर्यंत पाठवतो.

ट्रेलवर अर्धा तास झाला असेल. एका दगडावरून पुढचे उजवे चाक उतरताना खट्ट असा आवाज आला आणि त्यानंतर स्टिअरिंग वळवले की काहीतरी घासल्यासारखे ऐकू येऊ लागले. आमच्या गटातील एका ज्येष्ठ काकांनी हात वर करून मला थांबवले, ताडपत्री अंथरली, विजेरी घेऊन ते गाडीखाली गेले आणि दोनच मिनिटांत म्हणाले, ‘तू खाली ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.’

खाली ब्रॅकेट नव्हतेच. उजव्या बाजूला दोन काळे केबल टाय तुटून लोंबत होते आणि लिंक खाली येऊन ॲक्सलच्या रबरी बूटवर टेकली होती. बूटवर बोटभर लांबीची चकाकती घळ पडली होती, एका जागी रबर फाटले होते आणि आतले ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला शिंतोड्यांसारखे उडाले होते. ब्रेकचा होज तेथून जेमतेम चार बोटांवर होता. डाव्या बाजूला एक केबल टाय आणि बाइंडिंग वायरचे दोन वेढे होते, तेही ताणून ढिले पडलेले. केबल टाय चेसिसच्या ज्या भोकातून ओवले होते त्याची कड धारदार होती; काही किलोंचा पोलादी दांडा प्रत्येक खड्ड्याला हिसका देणार आणि नायलॉनची पट्टी त्या कडेवर घासली जाणार, मग ती किती टिकणार? दांडा एकसंध असल्यामुळे एका बाजूची गाठ तुटली की सगळा भार दुसऱ्या बाजूवर जातो, तसेच येथे झाले होते.

मग काकांनी फडक्याने लिंक पुसली. चिखलाखाली कारखान्यात मारलेला पिवळ्या रंगाचा ठिपका दिसला. त्यांनी मला वर्तमानपत्रातले पुडके आणायला सांगितले आणि त्यातली लिंक गाडीच्या लिंकला लावून धरली. ती दोन बोटे आखूड होती. म्हणजे माझ्या मूळ लिंक गाडीलाच होत्या. त्यांचे फक्त खालचे नट काढले होते, आणि मला जुने भाग म्हणून दिले ते दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचे भंगार होते.

नट जवळ असते तर आम्ही बार तेथेच जोडला असता. परंतु तेही दुकानातच राहिले होते. म्हणून काकांनी तार आणि उरलेला केबल टाय कापून टाकला, दांडा वर फिरवला, लिंक दांड्यालगत धरून त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि दोन्ही बाजूंना रॅचेट स्ट्रॅपने चेसिसच्या मजबूत भागाशी आवळून बांधले. पट्टा कोठेही ब्रेकच्या पाइपवर, वायरिंगवर किंवा धारदार कडेवर येणार नाही हे त्यांनी हाताने चाचपून पाहिले आणि पट्ट्याचे उरलेले टोक गाठ मारून चाकापासून दूर खोचले. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवले, आळीपाळीने एकेक चाक जॅकवर उचलून काही लागते का ते पाहिले, शंभर मीटर गाडी चालवून पट्टे पुन्हा आवळले. पत्नी आणि मुलगी दुसऱ्या गाडीत बसल्या आणि मी ताशी 40 च्या आत पुण्याला परत आलो.

सोमवारी मालकाने कानांवर हात ठेवले. ब्रॅकेट ट्रेलवर तुटून पडले असतील, असे त्याचे म्हणणे होते. बिलावर केवळ ‘सस्पेन्शन वर्क’ एवढेच लिहिलेले होते, तेही माझ्या लक्षात त्याच वेळी आले. मी तेथून थेट कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. फोरमनने गाडी लिफ्टवर घेतली आणि चेसिसवर नवे भोक नाही, बोल्ट आवळल्याची खूण नाही, रंग आणि जुन्या मातीचा थर जागच्या जागी आहे, असे जॉब कार्डवर लिहून दिले. बूट, ग्रीस, नट आणि मजुरी मिळून 6,500 रुपये खर्च आला. घरी येऊन व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा करून पाहिला, तर एका कोपऱ्यात पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, दिसत होते. माझ्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, म्हणजे फोटोही दुसऱ्याच गाडीचा होता.

जॉब कार्ड, फोटो आणि यूपीआयची नोंद जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस पाठवली. तीन आठवड्यांनी 11,000 रुपये परत आले. उरलेल्या रकमेसाठी आणि बूटच्या खर्चासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून कोणी गप्प बसू नये.

माझी कळकळीची विनंती आहे की असे काम करून घ्यायचे असेल तर गाडी दिवसाउजेडी रॅम्पवर असतानाच ताब्यात घ्या. पिन स्वतःच्या हाताने ओढा, बार ब्रॅकेटवर अडकवा, पुन्हा जोडा, आणि हे दोन्ही बाजूंना करून झाल्यावरच उरलेले पैसे द्या. बिलावर भागाचे नाव आणि नग लिहून घ्या. जुने भाग मागाच, पण ते आपल्याच गाडीचे आहेत हे ओळखता यावे म्हणून काम सुरू होण्यापूर्वी त्यांच्यावर रंगाची खूण करून ठेवा. घाई असेल तर काम पुढे ढकला. ट्रेल पुढच्या आठवड्यातही तेथेच असते.

दोन महिन्यांनी माझ्या एका परिचिताला त्याच दुकानात तेच किट दाखवण्यात आले. त्याने मला विचारण्यासाठी काउंटरवरच्या पेटीचा फोटो पाठवला. कोपऱ्यावर तपकिरी चिकटपट्टी होती.