स्मार्ट, मॅग्नेट की नव तेजस्विनी? कोल्हापूरच्या शेतकरी कंपन्यांसाठी

आजरा, गडहिंग्लज, शिरोळ भागात शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्यांच्या तोंडी सध्या राज्य सरकारच्या तीन प्रकल्पांची नावं असतात आणि तिन्हींमागे परदेशी कर्ज आहे. स्मार्टला जागतिक बँकेचे 21 कोटी डॉलर, मॅग्नेटला आशियाई विकास बँकेचे 10 कोटी डॉलर, तर नव तेजस्विनीला आयफाडचा पैसा. आयफाड म्हणजे रोममधला, 1977 साली सुरू झालेला संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी. ‘जागतिक बँकेचं कर्ज’ म्हटलं की सभासद बिचकतात. ते कर्ज कुणाच्या सातबारावर चढत नाही, सरकार फेडतं. कंपनीला मिळतं ते अनुदान, पण त्याबरोबर स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. खरी अडचण तिथं येते.

आधी पीक बघा. मॅग्नेट ठरावीक पिकांसाठीच आहे, जसं की केळी, डाळिंब, पेरू, चिकू, सीताफळ, संत्रा, मोसंबी, स्ट्रॉबेरी, भेंडी, मिरची आणि फुलं. गडहिंग्लजची मिरची किंवा शिरोळकडची हरितगृहातली फुलं यात थेट बसतात. आजरा घनसाळ या भाताच्या वाणाला भौगोलिक मानांकन आहे, पण भात या यादीत नाही. घनसाळवाल्यांनी मॅग्नेटच्या मागं लागून हंगाम घालवू नये, स्मार्टकडंच जावं. स्मार्ट कृषी विभागाकडं आहे, जिल्ह्यात ‘आत्मा’च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात चौकशी होते. मॅग्नेट पणन मंडळ राबवतं. दोन्हींची मुदत ठरलेली आहे, त्यामुळं नवे अर्ज घेतायत का, हे प्रस्तावावर खर्च करण्याआधी विचारा.

आता पैशाचं गणित. अनुदान दोन्हीकडं साधारण 60 टक्के. समजा मिरची पावडरीचं युनिट 1 कोटीचं आहे. 60 लाख प्रकल्पाचे, 40 लाख तुमचे. त्यातले 10 लाख भागभांडवलातून उभे केले तरी 30 लाखांचं बँक कर्ज उरतं, आणि त्याचे हप्ते मात्र कंपनीलाच भरायचे असतात. शिवाय अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं, ठेकेदार आणि मशीनवाला तोवर थांबत नाहीत.

एवढं जमलं तरी युनिट चालवायला माल लागतो. वाळली मिरची किलोला 200 रुपये धरली तर 10 टनांना 20 लाख लागतात, आणि सौद्यात पैसे रोख मोजावे लागतात. हा पैसा 1 कोटीच्या हिशोबात कुठंच नसतो. प्रकल्प अहवाल करून देणारे इमारत, कांडप यंत्र, पॅकिंग मशीन सगळं चोख मांडतात, खेळत्या भांडवलाला दोन ओळी देतात. चांगलं उभं राहिलेलं युनिट मालाअभावी बंद पडलेलं बघितलं की जीव तुटतो, कारण त्यात गावातल्या माणसांचे शेअरचे पैसे असतात. म्हणून खेळत्या भांडवलासाठी बँकेची कर्जमर्यादा मंजूर होईल का, हे शाखाधिकाऱ्याला आधी विचारा. तो नाही म्हणाला तर 1 कोटीचं युनिट 40 लाखांवर आणा. मग तुमचा हिस्सा 16 लाखांवर येतो.

नव तेजस्विनीची वाट वेगळी आहे. ती महिला बचत गटांची, ‘माविम’च्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) लोकसंचालित साधन केंद्रांमार्फत, म्हणजे गटांच्या संघांमार्फत चालते. शेळीपालन, दूध, मसाले, घरगुती प्रक्रिया असे छोटे उद्योग असतील तर भल्यामोठ्या प्रकल्प अहवालाचा घाट घालण्याआधी हे दार ठोठावा. गटाची परतफेड वेळेवर असेल तर बँकेपुढं तीच मोठी पत.

मिरचीवाल्या कंपनीचे सभासद अजून शेअरचे पैसेही पूर्ण भरत नसतील, तर मी या वर्षी मॅग्नेटचा अर्ज करायला सांगणार नाही. एक हंगाम एकत्र खरेदी-विक्री करा, ताळेबंद करून घ्या, लेखापरीक्षण झालं की मग अर्ज करा. घनसाळवाल्यांकडं दोन-तीन वर्षांची विक्री कागदावर असेल तर त्यांनी थांबायचं कारण नाही.